पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ नका घेऊ, दादा

पत्र नाशिकहून आलंय. ओळख पटेल असं काढून थोडक्यात देते.

"ताई, नमस्कार. वय ३८, एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर आहे. बायको अडीच वर्षांपूर्वी आजारपणात गेली. मुलगी चौथीत, घरात आम्ही दोघंच. तंबाखू आयटीआयपासूनची, दिवसाला दोन पुड्या. दारू आधी कधीमधी होती, आता पोरगी झोपली की रोज एक क्वार्टर, शनिवारी जास्त. सकाळी हात जरा थरथरतात, थोड्या वेळाने थांबतात. मागच्या श्रावणात सोडली होती, तीन दिवस झोप नाही, घामाने गादी ओली, चौथ्या दिवशी परत घेतली. माझ्यात विलपॉवरच नाही. पोरगी रोज सकाळी माझी बॅग भरते, डबा, पाण्याची बाटली, आयकार्ड आणि तंबाखूची पुडी. परवा पुडी संपली होती तर शाळेच्या आधी स्वतःच टपरीवर जाऊन घेऊन आली. म्हणाली, नसली की तुम्ही चिडता ना पप्पा. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. येत्या गुरुवारी दत्ताच्या देवळात तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेणार आहे, तंबाखू दारू दोन्ही एकदम बंद. सासरवाडीला कळलं तर पोरीला घेऊन जातील म्हणून कुणाला बोललो नाही. बरोबर करतोय ना?"

दादा, दत्ताला जरूर जा, पण तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेऊ नका, आणि दारू घरी एकट्याने एकदम बंद करू नका. ही दोन वाक्यं वाचून तुम्हाला वाटेल ही बाई सोडू नका म्हणतेय की काय, तर तसं अजिबात नाही, सोडायचीच आहे आणि लवकर सोडायचीय, फक्त तुम्ही ठरवलेला रस्ता धोक्याचा आहे म्हणून गुरुवारच्या आत उत्तर लिहायला बसले.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली ओळ टपरीची नाही, ती हातांची आहे. सकाळी हात थरथरतात, थोड्या वेळाने थांबतात. तुम्ही ते जाता जाता लिहून टाकलंय. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली, म्हणजे ३० मिलीचे सहा पेग, रोज, दोन वर्षांच्या वर. इतके दिवस रोज दारू मिळाली की मेंदू तिच्यासकट चालायला शिकतो आणि ती रक्तातून उतरायला लागली की तो बिथरतो, सकाळची थरथर ही त्याचीच असते. श्रावणात जे झालं ना, झोप नाही, घामाने गादी ओली, ते सगळं हेच होतं. तुम्ही त्याला विलपॉवर नाही असं नाव दिलंत आणि वर्षभर स्वतःला शिव्या घालत बसलात. अहो शरीर दारू मागत होतं, तुमचं मन कच्चं होतं असं त्यातून कुठेच दिसत नाही, उलट तशा अवस्थेत तीन दिवस काढलेत हेच मला जास्त दिसतं.

पण ते तीन दिवस धडपणे गेले हे नशीब समजा. रोजची दारू एकदम थांबवली की पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो, यात जीवसुद्धा जातो. सगळ्यांना होत नाही, पण कुणाला होईल हे घरी बसून सांगता येत नाही, आणि तुमच्या घरात त्या वेळी जागं कोण असणार, तर चौथीतली मुलगी. रात्री दोन वाजता तिने काय करायचं? म्हणून आधी डॉक्टर, मग बंद. डॉक्टरकडे जाईपर्यंतचे एकदोन दिवस आहे त्यापेक्षा वाढवू नका आणि धाडकन शून्यावरही आणू नका. आणि हे वाचेपर्यंत तुम्ही बंद केलीच असेल आणि फिट, भ्रम, तापासारखं काही वाटलं तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

जायचं कुठे? जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग असतो, केसपेपर काढायचा आणि सरळ तिथे जायचं. कंपनीत ईएसआय कापला जात असेल तर ते कार्ड काढा, त्याचे पैसे तुमच्याच पगारातून जातायत, वापरा. डॉक्टरसमोर बसल्यावर "थोडी घेतो कधीतरी" हे वाक्य बोलायचं नाही. रोज १८०, शनिवारी जास्त, शेवटची कधी घेतली, सकाळी हात थरथरतात, मागच्या वेळी बंद केल्यावर काय काय झालं आणि पूर्वी कधी फिट आली होती का, एवढं कागदावर लिहून न्या, कारण समोर बसल्यावर लाजेने निम्मं गिळलं जातं. डॉक्टर बहुतेक काही दिवसांच्या, रोज कमी कमी करत जायच्या गोळ्या देतील आणि बी-१ जीवनसत्त्व देतील, दारूने ते अंगातून कमी होतं. बऱ्याच जणांचं हे घरी राहूनही होतं, ॲडमिट व्हायला लागेलच असं नाही, पण ते डॉक्टरच ठरवतील, तुम्ही नाही आणि मीही नाही. मात्र त्या गोळ्या चालू असताना वरून दारू घेतली तर ते जीवावर बेतू शकतं, हे लक्षात ठेवा.

आज रात्रीच कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, २४ तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फोन केला म्हणजे वेडा ठरलो असं काही नसतं हो.

आणि एक, त्या "चहातून द्या, पेशंटच्या नकळत दारू सुटेल" वाल्या पावडरी असतात ना, बसस्टॉपच्या खांबावर चिकटवलेल्या, त्यांच्या वाट्याला जाऊ नका. आत काय असतं ते कुणाला ठाऊक नसतं, आणि दारू सोडवायचं एक खरं औषध असं आहे की त्याच्यावर दारू पोटात गेली तर माणूस तिथल्या तिथे आडवा पडतो, ते डॉक्टरच्या देखरेखीतच घ्यायचं असतं.

आता शपथेबद्दल. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझे वडील प्यायचे. मी आठ वर्षांची असताना गुढीपाडव्याला त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आई रडत होती, आजी देवासमोर बसलेली, आणि ते म्हणाले, "हिची शपथ, आजपासून थेंब नाही." त्यांचा हात तेव्हा थरथरत होता, मला वाटलं रडतायत म्हणून. पुढचे आठ दिवस घरात सण असल्यासारखं होतं. नवव्या दिवशी ते उशिरा आले आणि मला वास आला. मोठ्यांना वाटतं शपथ म्हणजे बोलायची रीत, पण आठ वर्षांच्या पोरीला ती शब्दशः कळते. शपथ मोडली की जिच्या डोक्यावर घेतली ती मरते. मला त्या आठवड्यात साधा ताप आला होता, कांजिण्या निघाल्या पुढे, पण मी चार रात्री डोळे मिटले नाहीत, मिटले की संपलं असं वाटायचं. कुणाला सांगितलंही नाही, कारण सांगितलं असतं तर वडील पकडले गेले असते. वडिलांनी मुद्दाम काहीच केलं नव्हतं, त्यांचं माझ्यावर प्रेमच होतं, म्हणून तर त्यांनी सगळ्यात महाग वस्तू गहाण ठेवली. पण गहाण मी पडले होते.

तुमच्या लेकीची तर आई गेलीय, दादा. आपलं माणूस आजारी पडतं आणि जातं हे तिने बघितलेलं आहे. तिला तुमच्या व्यसनाला तारण ठेवू नका. आणि घसरणं हे या आजारात होतं, पुष्कळांचं होतं, एकदा दोनदा होतं आणि मग सुटते. शपथ घेतलेला माणूस घसरला की त्याला परत डॉक्टरकडे जायची लाज वाटते, तो विचार करतो आता मोडलीच आहे तर काय, आणि एकाच्या जागी दोन क्वार्टर होतात. शपथ न घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी केसपेपर घेऊन परत जातो. नवस बोलायचा असेल तर तुमचा तुम्ही बोला, माळ घालावीशी वाटली तर घाला, माळ घालून सुटलेले लोक आपल्याकडे गावोगाव आहेत. ते सगळं तुमच्या नावावर. तिच्या नावावर काही नाही.

तसंच तिला पहारेकरीही करू नका. बरेच बाप प्रेमाने म्हणतात, "पप्पांच्या खिशात पुडी दिसली तर फेकून द्यायची हां बाळा." म्हणजे उद्यापासून ती तुमचे खिसे तपासणार, तोंडाचा वास घेणार, आणि सापडलं की आपण नीट लक्ष दिलं नाही म्हणून स्वतःला दोष देणार. सध्या ती तेच करतेय बघा, फक्त उलट बाजूने. बॅगेत पुडी ठेवते कारण तुम्ही चिडू नये म्हणून. तिच्या हिशोबात डबा, बाटली, आयकार्ड आणि पुडी ही एकाच ओळीतली कामं आहेत, आई करायची तशी आता ती करते. टपरीवर गेली तेव्हा तिला काही वाईट केलं असं वाटलं नसणार, काम पूर्ण केल्यासारखंच वाटलं असणार. तिला रागावला नसालच पण रागावू नका. (त्या टपरीवाल्याला मात्र जाऊन सांगा, शांतपणे पण सांगाच, की १८ वर्षांखालच्याला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्याने बंद आहे आणि माझी पोरगी परत आली तर हात हलवत परत पाठवायची.)

तिच्याशी बोलायचं एकदा, नीट, जेवण झाल्यावर, प्यायला बसायच्या वेळेच्या आधी. फार मोठं नको. मी असं बोलले असते: "पप्पांना एक आजार आहे, दारूचा आणि तंबाखूचा. तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि तुला तो बरा करायचा नाहीये, डॉक्टर करणार आहेत. थोडे दिवस माझी चिडचिड होईल, ती तुझ्यावर नसेल. आणि आता पुडी तू आणायची नाही, ठेवायची नाही, शोधायची पण नाही." यात "सोडणारच" असं वचन नाहीये, मुद्दाम नाहीये. "डॉक्टरकडे जातोय" एवढंच सांगा, ते तुमच्या हातात आहे. ती काहीतरी भलतंच विचारेल, उद्या डब्यात काय असं काहीतरी, तर त्याचंच उत्तर द्या. मुलं अशीच ऐकतात.

आता रात्रीचं. तुम्ही लिहिलंय पोरगी झोपली की घेतो. म्हणजे साडेनऊ ते साडेअकरा वगैरे. ही वेळ आधी कुणाची होती हो? भांडी आवरल्यावर तुम्ही दोघं बोलत बसत असाल, उद्याच्या भाजीचं, लाईटबिलाचं. आपल्याकडे माणूस गेलं की तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, पाहुणे, चहा, रडणं, मग वर्षश्राद्धाला एकदा परत येतात आणि झालं. बापई माणसाला तर तेव्हापण कुणी रडू देत नाही, पोरीकडे बघ म्हणतात, आणि एखादा दोस्त म्हणतो घे जरा, झोप लागेल. तुमचं असंच झालं असेल असा माझा अंदाज आहे, चुकला असेल तर सोडून द्या. पण ही दोन तासांची जागा रिकामी ठेवून नुसती बाटली काढून घेतली तर तिथे बसणार काय?

म्हणून पहिले काही आठवडे संध्याकाळ जरा वेगळी करावी लागेल. शिफ्टवरून येताना दुकानाच्या रस्त्याने येऊ नका, लांबचा पडला तरी चालेल. आल्या आल्या खा. उपाशी पोटी दारूची ओढ जास्त लागते, पोट भरलं की कमी होते, हे पिणाऱ्यांनाही माहीत असतं, जेवल्यावर मजा येत नाही असं तेच म्हणतात. कुकरला मुगाची खिचडी लावा, तीन शिट्ट्या, वर तूप, दोघांनी आठला जेवायचं. आठवड्यातले तीन दिवस वडापाववर काढता असं लिहिलं होतंत ते मी वर गाळलं होतं, ते बदलायला हाच मुहूर्त. घरात बाटली एकही नको, पाहुण्यांसाठी म्हणूनसुद्धा नको. आणि साडेनऊला एक फोन ठरवून ठेवा, भाऊ, मित्र, आयटीआयचा कुणी, जो पीत नाही किंवा ज्याने सोडलीय. काय बोलायचं ते ठरवायची गरज नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू बघणाऱ्या माणसांच्या, मीटिंगा असतात, त्यात फी नाही, आडनाव विचारत नाहीत, आणि तिथल्या माणसांना साडेनऊ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. पुण्यात अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, राहून उपचार घ्यायची वेळ आली तर तिथेही विचारा. हजारो मराठी घरांतले बाप तिथून बरे होऊन घरी गेलेत, त्यात तुमच्यासारखेच शिफ्टवाले, ड्रायव्हर, मास्तर, सगळे आहेत.

तंबाखूबद्दल माझं मत असं की दारू आधी. दोन्ही एकदम जमतं काहींना, आणि तुमचे डॉक्टर म्हणाले तर तसंच करा, पण चार घोट पोटात गेल्यावर पुडीला नाही म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नाही, म्हणून दारू तीनचार आठवडे स्थिर झाली की तंबाखूची तारीख धरा. तोंड मात्र या आठवड्यातच तपासा. स्वतःची तीन बोटं उभी करून दातांच्या मधे जातात का बघा. जिथे चिमूट धरता तिथला गाल आणि ओठ आरशात उलटा करून बघा, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट झोंबणं, दोनतीन आठवड्यांत न भरलेली जखम, यातलं एक जरी असलं तरी दातांच्या डॉक्टरकडे जायचं, वाट बघायची नाही.

तंबाखू सोडताना दुसरा तिसरा दिवस सगळ्यात वाईट असतो, मग हळूहळू उतरतं, तीनचार आठवड्यांत बरंच निवळतं. तलफ येते ती काही मिनिटांची असते, तेवढ्यात पाणी पिऊन मशीनला एक चक्कर मारली तरी जाते. तुम्हाला कुणी सांगत नसेल ती गोष्ट सकाळच्या संडासाची. तंबाखू लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणून कित्येक जण पाचव्या दिवशी परत सुरू करतात, कारण निकोटिनने आतड्याला ढकलायची सवय लागलेली असते. तेव्हा आधीपासूनच रात्री इसबगोल आणि सकाळी दोन ग्लास गरम पाणी चालू करा, दहापंधरा दिवसांत गाडी रुळावर येते. औषधाच्या दुकानात २ मिलीग्रामची निकोटिनची च्युइंगम मिळते, डॉक्टरला विचारून घ्या, ती साध्या च्युइंगमसारखी कचाकचा चावायची नाही, हळू चावून झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायची, आणि तिच्या आधी पंधरा मिनिटं चहा नाही. तोंडात चाळा लागतोच, त्याला भाजलेली बडीशेप-ओवा, लवंग काहीही चालेल. सुपारी चालणार नाही. "तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो" असं अभिमानाने सांगणारे खूप भेटतात आणि मला फार वाईट वाटतं, कारण सुपारी स्वतःच कॅन्सर करते, तोंड उघडेनासं होतं तेही तिच्यानेच. लाईनवर कुणी हात पुढे करून "मळ की जरा" म्हणाला तर लांब भाषण नको, "डॉक्टरने बंद केलीय" एवढं बास. पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा सोडण्यासाठीच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, तोही फुकट आहे.

सासरवाडीची भीती मी समजू शकते. पण विचार करा, पोरगी जाईल म्हणून तुम्ही उपचार घेत नाही आणि उपचार नसल्यामुळे एखाद्या रात्री खरंच काही झालं, तर मग तुमच्या बाजूने बोलायला काय उरेल? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचा आजारही येतो आणि डॉक्टरने तुमची माहिती गुप्त ठेवायची हा तुमचा हक्क आहे. आणि ताब्याचा प्रश्न कधी कोर्टात गेलाच तर तिथे मुलाचं हित बघतात, स्वतःहून औषध घेणारा बाप असणं हे माझ्या मते तुमच्याच बाजूने बोलेल. तुमच्या आईला गावाहून महिनाभरासाठी बोलवा, सगळं सांगून बोलवा. पोरीच्या आजीलाही, म्हणजे सासूबाईंनाही, दोनतीन आठवडे झाल्यावर तुम्ही स्वतः सांगावं असं मला वाटतं. त्यांची लेक गेलीय. तुम्ही दोघं एकाच माणसासाठी रडणार आहात आणि अडीच वर्षं वेगवेगळ्या घरात रडताय.

बुधवारी रात्री तुमची बॅग तुम्ही भरा. डबा सोडून सगळं, बाटली, आयकार्ड, डॉक्टरसाठी लिहिलेला तो कागद. पुडी सध्या लागणारच, ती तुमच्या खिशात, बॅगेत नाही. मग तिचं दप्तर पण तुम्हीच भरा, वेळापत्रक बघून, पेन्सिलीला टोक करून. सकाळी ती उठून सवयीने बॅगेकडे जाईल तेव्हा सांगा की झालंय, तू दूध पी. गुरुवारी फर्स्ट शिफ्ट असेल तर सुट्टी टाका, ओपीडी सकाळची असते. तिथून आल्यावर मला दोन ओळी लिहा, डॉक्टर काय म्हणाले ते.